पाणी वाटून घेतले, मदतीचे काय?

२० सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ब्यूला हे चक्रीवादळ रिओ ग्रान्दे नदीच्या मुखाजवळ धडकले. या नदीच्या एका काठावर अमेरिकेतले टेक्सास आहे, दुसऱ्या काठावर मेक्सिको. वाऱ्यापेक्षा पावसानेच जास्त घात केला. वरच्या बाजूला फाल्कन धरण होते. पण धरणाच्या खाली येऊन मिळणाऱ्या सान हुआन नदीलाही पूर आला. कामार्गो, रेनोसा, हार्लिंजन अशी दोन्ही काठांवरची गावे पाण्यात गेली.

कामार्गो परिसरातले हजारो मेक्सिकन लोक तेव्हा पलीकडच्या रिओ ग्रान्दे सिटीत आसऱ्याला आले. ते ज्या स्टार काउंटीत आले, तिथला आदल्या वर्षीचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. जून १९६६ मध्ये तिथल्या खरबूज तोडणाऱ्या मजुरांनी तासाला सव्वा डॉलर मजुरीसाठी संप केला. मालक मेक्सिकोतून रोज येणारे मजूर कामावर घेत. म्हणून ऑक्टोबरमध्ये संपकरी रोमा गावच्या पुलावर आडवे झाले. म्हणजे दोन्ही काठांवरचे गरीब एकमेकांसमोर उभे केले गेले होते. पोलिसांनी संपकऱ्यांना अटक केली. पुढे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या दडपशाहीविरुद्ध निकाल दिला. पण संप तोवर केव्हाच संपला होता. वादळाने पिके आणि त्याबरोबर रोजगारही बुडवला होता.

पुरानंतर दोन्ही सरकारे शहाणी झाली. १९७० मध्ये पूरनियंत्रणाचा नवा करार झाला, रेटामाल येथे बंधारा बांधला गेला आणि पुराचे पाणी दोन्ही देशांच्या कालव्यांत वाटून सोडण्याची सोय झाली. ही मोठी गोष्ट आहे. एकाने बांध उंच करायचा आणि दुसऱ्याला बुडवायचे, हा मार्ग त्यांनी टाळला.

माणसांच्या बाबतीत मात्र असा हिशेब झाला नाही. टेक्सासच्या बाजूला ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या वाढत गेल्या. स्वस्त जमीन, पण गटार नाही, निचरा नाही. जुलै २००८ मध्ये डॉली वादळ आले, तेव्हा तिथल्या अनेक कुटुंबांना केंद्रीय यंत्रणेने घरदुरुस्तीची मदत नाकारली. कारण काय, तर घराची डागडुजी आधीपासूनच नीट नव्हती! गरिबाचे घर गरीब होते, हाच त्याचा गुन्हा ठरला.

शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनी स्थापलेल्या ‘ला युनिऑन देल पुएब्लो एन्तेरो’ या संघटनेने या यंत्रणेला कोर्टात खेचले. मागणी साधी होती: कोणत्या नियमाने नाकारलेत, तो नियम लोकांसमोर ठेवा.

मित्रांनो, पुरानंतर अन्नाची पाकिटे वाटायला आपण धावतो, ते योग्यच आहे. पण पाणी ओसरल्यावर दुसरे काम सुरू होते. कोणाचा अर्ज फेटाळला, का फेटाळला, लेखी कारण दिले का, हे घरोघरी जाऊन नोंदवायचे. त्यात फोटो येत नाहीत, टाळ्या मिळत नाहीत. तरीही मदत हा उपकार नसून हक्क आहे, हे याच कामातून सिद्ध होते. टेक्सासच्या सीमेवरच्या मजुरांनी ते चिकाटीने केले. आपणही ते शिकले पाहिजे, आणि शेजारी कोणत्या जातीचा, धर्माचा वा भाषेचा आहे हे न विचारता केले पाहिजे.