सहकाऱ्याचा अपमान आणि साक्षीदारांचे मौन : नोएडातील दोन प्रकरणांनी पुढे आणलेला प्रश्न

नोएडा, 23 डिसेंबर : वरिष्ठाने एखाद्या कर्मचाऱ्याला कठोर वागणूक दिली, तर त्याचे सहकारी कोणाची बाजू घेतात? नोएडात डिसेंबर 2024 मध्ये आठवडाभराच्या अंतराने चर्चेत आलेल्या दोन प्रकरणांमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला आहे. दोन्हींवर उमटलेल्या प्रतिक्रिया मात्र परस्परविरोधी होत्या.

पहिले प्रकरण घरपोच सौंदर्यसेवा देणाऱ्या ‘येस मॅडम’ या नोएडास्थित कंपनीचे आहे. सर्वेक्षणात कामाचा तीव्र ताण असल्याचे सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांना कमी करण्यात येत असल्याचा कंपनीचा कथित ई-मेल समाजमाध्यमांवर पसरला आणि संतापाची लाट उसळली. कोणालाही काढलेले नाही, कामाच्या ठिकाणच्या तणावाकडे लक्ष वेधण्यासाठी हा नियोजित प्रयत्न होता, असा खुलासा कंपनीने नंतर केला. दुसरे प्रकरण नोएडा प्राधिकरणाचे. एका ज्येष्ठ नागरिकाला निवासी भूखंड विभागात बराच वेळ ताटकळत ठेवल्याचे सीसीटीव्हीवर दिसल्यानंतर तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी डॉ. लोकेश एम. यांनी 16 डिसेंबर रोजी तेथील कर्मचाऱ्यांना सुमारे 20 मिनिटे उभे राहून काम करायला लावले. या चित्रफितीचे मोठ्या प्रमाणावर कौतुक झाले.

या विरोधाभासाचे एक स्पष्टीकरण संशोधनात सापडते. मेरी मिशेल, रायन व्होगेल आणि रॉबर्ट फोल्गर या अमेरिकी संशोधकांनी 2015 मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’मध्ये नेमका हाच विषय हाताळला. सहकाऱ्यावर अन्याय होत आहे असे वाटल्यास पाहणाऱ्यांना राग येतो. ते पीडिताला आधार देतात, प्रसंगी वरिष्ठाविरुद्ध उभे ठाकतात. मात्र ‘त्याच्याबाबतीत हे व्हायलाच हवे होते’ अशी समजूत असल्यास त्यांना समाधान वाटते आणि ते त्या सहकाऱ्यालाच दूर सारतात. म्हणजेच वागणूक किती कठोर होती याइतकेच, ती सोसणारा तिला पात्र होता का, याविषयीचे मत निर्णायक ठरते.

खरी अडचण येथेच आहे. कोण कामचुकार आणि कोण कार्यक्षम, हे बहुतेक कार्यालयांत वरिष्ठच ठरवतो. वार्षिक मूल्यमापन, पगारवाढ आणि नोकरी सोडताना लागणारे अनुभव प्रमाणपत्र, या साऱ्यांवर त्याचा प्रभाव असतो. त्यामुळे सहकाऱ्यांसमोर येणारी पीडिताची प्रतिमा अनेकदा वरिष्ठानेच घडवलेली असते. प्राधिकरणातील शिक्षा संपूर्ण विभागाला झाली. नेमकी दिरंगाई कोणाची, हे त्या चित्रफितीतून कळत नाही. जनतेला झालेला त्रास खरा होता, म्हणून सर्वांना सरसकट उभे करणे योग्य ठरते का, हा प्रश्न कौतुकाच्या गजरात मागे पडला.

ज्यांना राग येतो, तेही लगेच बोलतातच असे नाही. पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखा कंपनीत काम करणाऱ्या 26 वर्षीय सनदी लेखापाल तरुणीचा जुलै 2024 मध्ये मृत्यू झाला. कामाच्या अतिताणाचा आरोप करणारे तिच्या आईचे पत्र सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाल्यावर या क्षेत्रातील अनेक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी आपले अनुभव उघडपणे मांडले. कंपनीने आरोप नाकारला. जून 2023 मध्ये कोलकात्यातील एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याने ऑनलाइन बैठकीत कनिष्ठांना अद्वातद्वा बोलल्याची चित्रफीत बाहेर आल्यानंतरच त्याचे निलंबन झाले. दोन्ही वेळी गोष्ट कार्यालयाच्या भिंतींबाहेर गेली, तेव्हाच तिला वाचा फुटली.

कायद्याचे पाठबळही तोकडे आहे. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा 2013 पासून लागू असून दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. पीडित महिला शारीरिकदृष्ट्या असमर्थ असल्यास तिच्या लेखी संमतीने सहकाऱ्यालाही तक्रार करता येते. परंतु शिवीगाळ, सततची मानहानी किंवा सूडबुद्धीने दिलेले काम यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांपुरते असल्याने व्यवस्थापकीय कर्मचारी त्याबाहेर राहत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेला करार क्रमांक 190 तक्रारदारांबरोबरच साक्षीदारांनाही सूडाच्या कारवाईपासून संरक्षण देण्यास सांगतो. भारताने त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही.

तणावाची सर्वेक्षणे आणि समुपदेशनाचे कार्यक्रम कंपन्या राबवतात. परंतु ज्या वरिष्ठाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच साखळीतून ती पुढे जाणार असेल, तर साक्षीदार गप्प राहणेच पसंत करणार. तक्रार ऐकणारी यंत्रणा त्या साखळीबाहेर असणे आणि साक्ष देणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहणे, या दोन गोष्टींची हमी मिळेपर्यंत शेजारच्या टेबलावरील माणूस मान खाली घालूनच काम करत राहील.