ट्रिपला जाताना सुई-दोरा घ्या!

सुट्टी जवळ आली की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच चर्चा रंगते. लोणावळा की गोवा? मग कॉन्ट्रिब्युशन काढायचं, गाडी ठरवायची, फोटोंचा पाऊस पाडायचा आणि परत येऊन सबमिशनच्या नावाने बोंब मारायची. मजा येते, नाही कशाला म्हणा! पण चार दिवसांनी हातात काय उरतं? फोटो आणि हिशेबाची भांडणं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की वर्षातली एक तरी ट्रिप हातांनी काहीतरी करण्यासाठी काढावी. आणि सुरुवात गोधडीपासून करावी. हसू नका, पुढे वाचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण, चार मुलं आणि दोन मुली, आमच्यातल्या एकाच्या गावी सातारा जिल्ह्यात गेलो होतो. त्याच्या आजींनी जुनी लुगडी, धोतरं आणि विटलेल्या चादरी धुऊन ठेवल्या होत्या. अंगणात त्यांचे थर लावले आणि आम्ही चारी बाजूंनी बसलो. सुया आपसूक आम्हा दोघींच्या हातात आल्या! मुलं म्हणाली, "आम्ही फोटो काढतो." आजींनी विचारलं, "का रं, तुमची बोटं काय भाड्यानं दिल्यात?" झालं! मेकॅनिकलचे दोन दांडगट मुकाट्याने सुईत दोरा ओवायला बसले. पहिल्या तासात त्यांनी टाक्यांपेक्षा बोटंच जास्त टोचून घेतली.

आता 'हे आपल्या लायनीतलं काम नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं टेक्निकल. गोधडीची ऊब नुसती कापडाची नसते. थरांच्या मध्ये हवा अडकून पडते, आणि स्थिर हवा उष्णता फार कमी वाहून नेते. धावदोऱ्याचे टाके सगळे थर जागच्या जागी धरून ठेवतात. नाहीतर दोन धुण्यांत आतल्या चिंध्यांचा गोळा होईल. मटेरियलच्या पेपरात आपण डीलॅमिनेशनवर टीपा लिहितो ना, हा तोच प्रश्न. कार्बन फायबरचे थर सुटू नयेत म्हणून ते शिवून टाकण्याचं तंत्र नासा आणि बोईंगने विमानाच्या भागांसाठी करून पाहिलं आहे. आजींनी यातलं काही वाचलेलं नाही, पण त्यांची गोधडी वीस वर्षं टिकते.

आणि एक गणित. गोधडी ७ फूट बाय ५ फूट, म्हणजे ५,०४० चौरस इंच. टाक्यांच्या ओळी एकमेकींपासून एक इंचावर धरल्या, तर शिवणीची एकूण लांबी साधारण ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट. इंचाला तीन टाके धरले तर १५ हजारांवर टाके. एका टाक्याला पाच सेकंद लावले, तर नुसती सुई चालवायचे २१ तास! त्यात कपडे धुणं, फाडणं, थर लावणं, दोरा ओवणं काहीच धरलेलं नाही. आठ तासांचा दिवस मोजला तर अडीच दिवसांहून जास्त मजुरी झाली. आणि या कामाला घरात आपण काय म्हणतो? 'आजीचा दुपारचा टाईमपास.'

माझा खरा मुद्दा इथेच आहे. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, आणि ती कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं, असं दिसलं. आपण मशीनचा आऊटपुट मोजायला चार वर्षं शिकतो, पण घरातल्या या तासांचा हिशेब कधी मांडत नाही. चार दिवस स्वतः सुई धरली की तो मांडावा लागत नाही, आपोआप बोटांना कळतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायका शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, थंडीसाठी. २००२ मध्ये त्याच गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. चांगलंच झालं. पण भिंतीवर टांगल्यावरच मेहनत दिसावी का? आपल्याकडे गोधडी अजून कॉटवर आहे, तोवरच तिची किंमत ओळखू या.

कुणी म्हणेल, मशीनवर तासाभरात होते की! होते, जरूर करावी. पण मशीनभोवती सहा जण बसून गप्पा मारत नाहीत. दोन्ही हात गुंतलेले, मोबाईल बाजूला, नजर टाक्यावर. अशा वेळी माणूस मोकळं बोलतो. आमच्यातला एक जण इयर डाऊन झाल्यापासून गप्प गप्प असायचा. तिसऱ्या दिवशी खाली मान घालून टाके घालता घालता तो तासभर बोलला. कुणी त्याला सल्ला दिला नाही, नुसता दोरा पुढे सरकवला. तीन वर्षांच्या कुठल्याच ट्रिपमध्ये असं झालं नव्हतं.

आमची गोधडी चार दिवसांत पुरी झाली नाही हे खरं. मधला भाग आजींनी एकटीने संपवला, तेही आमचे वेडेवाकडे टाके न उसवता.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एक सूचना. दरवर्षी फायनल इयरवाले होस्टेल सोडताना चादरी, टीशर्ट, जीन्स टाकून जातात. जीन्स सोडा, सुई जाणार नाही. बाकीचं धुऊन ठेवा. पुढच्या सुट्टीत ज्याच्या घरी गोधडी शिवणारी आई, आजी, काकू असेल त्याच्या गावी जा, मुलांनीही सुई धरा, आणि शिकवणाऱ्या बाईंना क्लासवाल्या सरांना देतो तशी फी द्या. 'घरचंच आहे' म्हणून फुकटात आटपू नका. रेक्टर सरांनी परवानगी दिली तर पहिली गोधडी रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना देऊ या. जानेवारीत गेटवर काय थंडी असते ते त्यांनाच ठाऊक!

बघा पटतंय का. सुया माझ्याकडे आहेत, दोरा तुम्ही आणा.