सहलीच्या मोटारीतून न दिसणारे मेक्सिको

सकाळी आठ वाजता हॉटेलच्या दारात वातानुकूलित मोटार, सोबत इंग्रजी बोलणारा खासगी मार्गदर्शक, दुपारपर्यंत सान मिगेल दे आयेंदे आणि दोलोरेस इदाल्गो, तिसऱ्या प्रहरी ग्वानाह्वातो, आणि दिवसाची सांगता मेस्काल या स्थानिक मद्याच्या चार-पाच छोट्या पेल्यांनी. मध्य मेक्सिकोतील ‘वसाहतकालीन शहरांची’ अशी एका दिवसाची सहल आज डॉलरांत विकली जाते. अमेरिकेतील निवृत्त गृहस्थ, युरोपातील सुखवस्तू जोडपी आणि अलीकडे अमेरिकेत स्थायिक झालेली भारतीय कुटुंबेही तिचे गिऱ्हाईक आहेत. इतरांच्या गर्दीत मिसळावे लागत नाही, थांबावेसे वाटेल तेथे थांबता येते, निघावेसे वाटेल तेव्हा निघता येते, हे या सहलीचे खास आकर्षण म्हणून सांगितले जाते.

या जाहिरातीतील ‘वसाहतकालीन’ हा शब्द प्रथम तपासला पाहिजे. तीनशे वर्षांची लूट, सक्तीची मजुरी आणि रोगराईने ओस पडलेली गावे ज्या एका शब्दात साठलेली आहेत, तो शब्द येथे गुलाबी दगड, लोखंडी सज्जे आणि फुलांच्या कुंड्या यांचा समानार्थी म्हणून वापरला जातो. वसाहतवाद हा एक राजकीय अपराध होता, ही गोष्ट पुसून टाकून त्याची एक वास्तुशैली करण्यात आली आहे. आणि शैली एकदा ठरली की तिच्याविषयी आवड-नावड एवढाच प्रश्न उरतो. जबाब मागण्याचा प्रश्न उरत नाही.

या शब्दाची गंमत अशी की तो सौंदर्याच्या बाबतीतही खरा नाही. सान मिगेलमधील ज्या गुलाबी, टोकदार मनोऱ्यांच्या चर्चसमोर प्रत्येक प्रवासी छायाचित्र काढतो, त्याचा दर्शनी भाग स्पॅनिश राजवटीचा नव्हे. मेक्सिको स्वतंत्र झाला १८२१ मध्ये; आणि हा दर्शनी भाग उभा राहिला त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी. तो बांधणारा सेफेरिनो गुत्येरेस हा स्थानिक गवंडी होता. युरोपातील चर्चची चित्रे पाहून त्याने हा आराखडा मनाने रचला असे सांगतात. स्वतंत्र देशातील एका कारागिराच्या कर्तृत्वाचे श्रेयही सहलीच्या पत्रकात अशा रीतीने व्हाइसरॉयच्या खात्यावर जमा होते!

सान मिगेल वसले ते सोळाव्या शतकात, उत्तरेच्या खाणींतील चांदी राजधानीकडे नेणाऱ्या रस्त्यावरचे ठाणे म्हणून. त्या रस्त्याला विरोध करणाऱ्या चिचिमेक जमातींनी १५५० पासून सुमारे चाळीस वर्षे स्पॅनिश सत्तेशी लढा दिला. शस्त्रबळाने त्यांना नमवता आले नाही, तेव्हा अन्नधान्य आणि कापड वाटून तह करावा लागला. त्या लढ्याचे स्मरण या रस्त्यांवर शोधूनही फारसे सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर चित्रकला शिकायला अमेरिकन सैनिक येथे आले, त्यांच्या मागोमाग निवृत्त मंडळी आली, आणि २००८ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दर्जा मिळाला तो शहराला. घरे महाग झाली ती मात्र शहरात राहणाऱ्यांना. जुन्या वस्तीतील वाडे हॉटेले, चित्रदालने आणि भाड्याच्या पर्यटक-निवासांत रूपांतरित झाले. त्या वाड्यांत झाडलोट करणाऱ्या बाया कडेच्या वसाहतींतून बसने कामाला येतात. १९९२ मध्ये मेक्सिकोच्या राज्यघटनेचे २७ वे कलम बदलून, क्रांतीने शेतकऱ्यांना दिलेल्या सामाईक ‘एहिदो’ जमिनी खासगी मालकीत नेऊन विकण्याची वाट मोकळी करण्यात आली होती. शहराबाहेरच्या माळावर बंगल्यांच्या वसाहती उठण्यास या दुरुस्तीने किती हातभार लावला, हे मार्गदर्शकाला कोणी विचारीत नाही.

दोलोरेस येथे मोटार थोडा वेळच थांबते. चौकात चित्रविचित्र चवींचे आइस्क्रीम मिळते, आणि १६ सप्टेंबर १८१० रोजी मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने ज्या चर्चच्या पायऱ्यांवरून बंडाची हाक दिली ते चर्चही समोरच आहे. हाच इदाल्गो गावातील गरिबांना कुंभारकाम, रेशीमपालन आणि द्राक्षलागवड शिकवीत असे. स्पेनच्या मद्यव्यापाऱ्यांचे हित सांभाळण्यासाठी वसाहतीतील द्राक्षवेलींवर निर्बंध होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या वेलींचा राजकीय अर्थ उमगतो. आज त्याच परिसरात पर्यटकांसाठी द्राक्षमळे आणि त्यांच्या कडेने बंगले उभे आहेत, तर भोवतालच्या अनेक खेड्यांतील विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आणि फ्लोराइड आढळते. भूजल जसजसे खोल उपसले जाते तसतसे हे विष वर येते. हा उपसा मुख्यतः अमेरिकेला जाणाऱ्या भाजीपाल्यासाठी होतो. पर्यटनाचा वाटा त्या मानाने लहान आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. परंतु मुलांचे दात काळवंडवणारे पाणी पिणारी खेडी आणि मद्यचवीचे द्राक्षमळे एकाच भूजलावर पोसले जातात, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

आता ग्वानाह्वातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील वालेन्सियाना ही जगातील सर्वांत श्रीमंत चांदीच्या खाणींपैकी एक होती. तिच्या मालकाने, म्हणजे वालेन्सियानाच्या पहिल्या काउंटने, खाणीच्या तोंडाशी बांधलेल्या चर्चमधील सोन्याने मढविलेल्या वेद्या पर्यटक डोळे भरून पाहतात. येथील चांदी मनिलाच्या गलबतांतून चीनला गेली, युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला आली आणि तेथील टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले. दख्खनच्या बाजारात फिरलेल्या कित्येक नाण्यांत याच डोंगरांतील माणसांचा घाम होता, हे मराठी वाचकालाही अगदी परके नसावे.

तो घाम कसा गाळला जाई, याची साक्ष एका निष्पक्ष प्रवाशाने देऊन ठेवली आहे. जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट १८०३ मध्ये या खाणीत उतरला होता. खनिज पाठीवरून वर आणणारे ‘तेनातेरो’ सव्वादोनशे ते साडेतीनशे पौंडांचे ओझे घेऊन सहा-सहा तास वावरतात, हजारो पायऱ्या चढतात-उतरतात, असे त्याने नोंदले. ही माणसे म्हणजे खाणींतील ओझ्याची जनावरे होत, असेही त्याने लिहिले. वर आलेले खनिज दळून, पाऱ्यात कालवून, त्याचा चिखल अंगणात पसरीत आणि खेचरांकडून व माणसांकडून तुडवून घेत. पाऱ्याची मक्तेदारी स्पेनच्या राजाची. चांदी काउंटची, पाचवा किंवा दहावा हिस्सा राजाचा, आणि पाऱ्याने थरथरणारे हातपाय तेवढे मजुराचे. १७६७ मध्ये या शहराने कर आणि लष्करभरतीविरुद्ध उठाव केला, तेव्हा राजाचा प्रतिनिधी होसे दे गाल्वेस याने ग्वानाह्वातोसह या खाणप्रदेशात ऐंशीहून अधिक माणसे फासावर दिली. सहलीच्या पत्रकात या फाशीला जागा नाही. भुयारी रस्त्यांना आणि ‘चुंबनाच्या बोळाला’ मात्र आहे.

शहरातील आलोन्दिगा हे धान्याचे भव्य कोठार. १८०८ पासूनच्या दुष्काळात मक्याचे भाव कित्येक पटींनी चढले होते. आणि इदाल्गोची सेना शहरावर चालून आली तेव्हा श्रीमंतांनी आपली चांदी आणि धान्य घेऊन याच कोठारात आश्रय घेतला. २८ सप्टेंबर १८१० रोजी पाठीवर दगडाची लादी बांधून गोळ्यांच्या वर्षावातून पुढे सरकत एका खाणमजुराने कोठाराच्या दाराला आग लावली, अशी आख्यायिका आहे. त्या पिपिलाचा प्रचंड पुतळा आज टेकडीवर उभा आहे. ओझी वाहून कणखर झालेली पाठच अखेर त्या दाराशी पोहोचली, हे आख्यायिकेतील सत्य इतिहासाच्या कसोटीवर उतरो वा न उतरो, मजुरांना पटले होते. पुढे कोठारात भयंकर कत्तल झाली, हेही लपविण्याचे कारण नाही. तशीच दोन महिन्यांत शहर परत घेणाऱ्या राजनिष्ठ सेनेने सामान्यांना दिलेली फाशीची शिक्षाही लपवू नये. १८११ मध्ये इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस यांची शिरे या कोठाराच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगली गेली. ती १८२१ पर्यंत तेथेच होती.

एवढे तरी मार्गदर्शक सांगतो. रक्त वाळले की ते विकता येते. तो जे सांगत नाही ते याहून अलीकडचे आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कंपनीने ग्वानाह्वातोतील खाणींतून अंग काढून घेतले, तेव्हा कामगारांनी ‘सांता फे’ ही सहकारी संस्था स्थापून खाणी स्वतः चालवायला घेतल्या. वालेन्सियानातील चांदी ज्यांच्या बापजाद्यांनी पाठीवरून वर काढली, ते त्या चांदीचे धनी झाले. संस्थेत दोष होते. यंत्रे जुनी झाली, कर्ज वाढले, चांदीच्या भावाने दगा दिला. तरीही ती सहा दशकांहून अधिक काळ टिकली, आणि २००५ मध्ये तिच्या खाणी एका कॅनेडियन कंपनीच्या हाती गेल्या. काउंटच्या चर्चला जागतिक वारशाचे संरक्षण १९८८ पासूनच होते. त्याच डोंगरावरच्या कामगारांच्या मालकीला संरक्षण द्यावे, असे मात्र कोणत्याही जागतिक संस्थेला वाटले नाही.

दिवसाच्या शेवटी मेस्काल. येथे दारूबंदीचा वाद काढण्याचे कारण नाही; प्रश्न पिणाऱ्याचा नसून करणाऱ्याचा आहे. मेस्काल हे घायपाताचे मद्य. दख्खनच्या बांधांवर आणि रेल्वेच्या कडेला जी घायपात दिसते ती मूळची मेक्सिकोचीच. मद्यासाठीची जात सहा ते आठ वर्षांनी तयार होते, काही रानटी जाती वीस-पंचवीस वर्षे घेतात. पाने छाटून उरलेला मणभर वजनाचा गाभा खड्ड्यातील तापल्या दगडांवर दिवसेंदिवस भाजावा लागतो, मग दळून, आंबवून, तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात दोनदा गाळावा लागतो. १७८५ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या देशातील मद्यव्यापारासाठी या वसाहतीतील देशी मद्यांवर बंदी घातली होती. गावांनी दऱ्याखोऱ्यांत लपवून भट्ट्या चालविल्या. विद्या टिकली ती अशी, चोरून.

आज बंदी नाही. आज नोंदणी आहे. १९९४ मध्ये मेस्काल या नावाला भौगोलिक संरक्षण मिळाले. हेतू चांगला होता, नक्कल रोखण्याचा. परंतु तपासणी आणि प्रमाणपत्राचा खर्च ज्याला परवडत नाही, किंवा ज्याचे गाव ठरविलेल्या सीमेबाहेर पडते, त्याला आजोबांपासून चालत आलेल्या मद्याला मेस्काल म्हणता येत नाही; बाटलीवर ‘घायपाताचा अर्क’ असे काहीतरी लिहावे लागते. २०१५ मध्ये तर अशा मद्याला ‘कोमिल’ हे कोणाच्याच तोंडी नसलेले नाव लावण्याचा सरकारी मसुदा निघाला होता. ओरड झाली म्हणून तो बारगळला. दरम्यान प्रमाणित मेस्कालचे उत्पादन २०११ मधील सुमारे दहा लाख लिटरांवरून २०२१ मध्ये ऐंशी लाखांवर गेले, त्यातील बहुतांश वाहाका राज्यातून. त्याबरोबर मोठे भांडवलही आले: फ्रान्सच्या पेर्नो रिकारने २०१७ मध्ये एका नामवंत मेस्काल-नाममुद्रेचा बहुसंख्य हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी ब्रिटनच्या डियाजिओने दुसरी विकत घेतली, बकार्डीने तिसरी गिळली. चवीच्या टेबलावर शेतकऱ्याच्या सुरकुतलेल्या हातांचे छायाचित्र असते. बाटलीवरची मालकी लंडन-पॅरिसची असते. शेजारच्या टेकीला उद्योगात निळ्या घायपाताचा भाव एकदा शिखरावर गेला, सर्वांनी लागवड केली, आणि २०२४ पर्यंत तो किलोला काही पेसोंवर कोसळला. सात वर्षे उभे पीक राखणाऱ्या शेतकऱ्याने तो तोटा कोणाकडून भरून घ्यावा?

सहलवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे: पर्यटन नसते तर ही शहरे ढासळली असती, ही विद्या मेली असती, मोटारचालकाला काम मिळाले नसते. यातील काही भाग खरा आहे. मोटारचालकाचे कुटुंब या सहलीवरच जगते, आणि त्याला बेकार करून कोणाचीही मुक्ती होणार नाही. परंतु या युक्तिवादात एक लबाडी दडलेली आहे: पर्यटन असावे की नसावे, असा पेच ती उभा करते, आणि ते कोणाच्या ताब्यात असावे हा प्रश्न गिळून टाकते. परदेशी मध्यस्थाला दलाली, हॉटेलसाखळीला नफा, आणि चालकाला बक्षिशी, अशी वाटणी निसर्गाने ठरविलेली नाही. २००६ मध्ये वाहाकातील शिक्षकांच्या आणि जनसंघटनांच्या आंदोलनाने महाग तिकिटांचा सरकारी गेलागेत्सा उत्सव बंद पाडून लोकांचा मोफत गेलागेत्सा भरवला, तेव्हा नाच आणि गाणी तीच होती. फक्त यजमान बदलले होते. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको शहरात वाढत्या घरभाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात काही दुकानांच्या काचा फुटल्या. त्या काचांचीच बातमी जगभर झाली, भाड्यांची झाली नाही.

मेक्सिकोच्या खेड्यांत वेगळ्या रीतीने गेलेला एक मराठी माणूस होऊन गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतील क्रांतिकारक, १९२० च्या दशकात तेथे पोहोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्यात पुढे झाले. दियेगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगविले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. मक्याच्या वाणांवर काम करणाऱ्या त्या निर्वासिताने त्या देशाकडून घेतले त्याहून अधिक दिले.

वाहाकाच्या उत्तरेकडील डोंगरांत ‘पुएब्लोस मान्कोमुनादोस’ या नावाने आठ सापोतेक गावे आपले जंगल आणि जमीन सामाईक ठेवून आहेत. १९९० च्या दशकापासून पर्यटकांची राहण्याची आणि वाटाड्यांची व्यवस्था ही गावेच करतात. वाटाड्या गावचाच असतो, किती खोल्या बांधायच्या हे ग्रामसभा ठरविते, आणि सभेने सोपविलेली पदे गावकऱ्यांना पाळीपाळीने सांभाळावी लागतात. तेथे पाहुण्याला गावाच्या सोयीने चालावे लागते, म्हणून खासगी मोटारवाल्यांच्या यादीत ही गावे क्वचितच येतात.