उथळ पेटी आणि वेलाची निवड

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या पश्चिमेकडील व्हरांड्यास ऊन लागूं नये म्हणून सुताराकडून चार लांबट लाकडी पेट्या करविल्या व प्रत्येकीच्या पाठीशीं बांबूच्या कामट्यांची ताटी उभी केली. पेटीची लांबी चार फूट; खोली मात्र एक वीतच, कारण याहून अधिक भार कठडा सोसणार नाहीं असें गवंड्याचें म्हणणें पडलें. वेल कोणता लावावा हें ठरविण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि फुलांच्या घोसांस भुलून आम्हीं चारही पेट्यांत मधुमालती लाविली. पावसाळ्यांत ती ताटीच्या माथ्यावर गेली. मार्चांत तिचीं पानें गळूं लागलीं आणि एप्रिलांत नुसत्या काटक्या उरल्या.

पाणी घालण्याची पाळी ज्या विद्यार्थ्याची होती त्यास आम्हीं वर्गासमक्ष आळशी म्हटलें. तो एडवणचा, पानवेलीची वाडी करणाऱ्या घरांतला. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. सुटी लागण्यापूर्वीं आम्हीं एक पेटी उपडी केली, तेव्हां विटेसारखा एक घट्ट ठोकळा बाहेर आला. तळाशीं मुळ्यांचीं वेटोळीं, आणि त्यांच्यामध्यें माती म्हणून जी उरली होती ती ओंजळभर. दिवसांतून चार वेळां पाणी घातलें असतें तरी तें तेथें ठरलें नसतें. दोष मुलाचा नव्हता, निवड करणाराचा होता. शाळा उघडल्यावर ज्या वर्गासमक्ष त्यास बोललों होतों त्याच वर्गासमक्ष आम्हीं त्याची क्षमा मागितली.

या अनुभवावरून आमचें मत असें झालें आहे कीं, उथळ पेटीसाठीं वेल निवडतांना फुलाकडे शेवटीं पाहावें, मुळाकडे आधीं. मधुमालती ही मोठी काष्ठमय वेल आहे. तिला घराच्या उंचीची हांव असते व तितकीच भुई लागते. बोगनवेल थोड्या मातींत तग धरते हें खरें. परंतु ती ताटीला वळसा घालीत नाहीं, कांट्यांच्या आधारानें रेलते, आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कांटे कोणी लावावे?

उथळ पेटीची आणखी एक खोड पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कोणत्याही कुंडींत पाणी घातल्यावर तळाशीं मातीचा कांहीं थर ओलाच राहतो, आणि माती तीच असेल तर त्या थराची जाडी कुंडी खोल असो वा उथळ असो, सारखीच असते. म्हणून खोल कुंडींत तो थोडा भाग, तर उथळ पेटींत जवळजवळ निम्मी माती! पावसाळ्यांत मुळें कुजतात तीं यामुळें, आणि उन्हाळ्यांत तीच पेटी दुपारपर्यंत कोरडी पडते. तळाशीं खडे अगर खापऱ्या यांचा जाड थर घालण्याची जी रीत आहे तिनें हें संकट टळत नाहीं. ओला थर तेवढा वर सरकतो आणि माती कमी होते. भोंकावर एक खापरी पुरे. मातींत कुजलेलें शेणखत व थोडी जाड रेती मिसळावी, हें अधिक हिताचें.

मग लावावें काय? मायाळू आमच्या मतें पहिली. तिचीं मांसल पानें पाणी सांठवितात, शेंडे खुडले कीं ती दाट होते, आणि खुडलेल्या शेंड्यांची भजीं होतात. दुसरा गोकर्ण, तो शेंगवर्गीय असल्यामुळें त्याच्या मुळांवरील गांठींतून हवेंतील नत्र त्याला मिळतें व खताची फारशी तक्रार राहत नाहीं. पावसाळ्यापुरती शोभा हवी तर गणेशवेल आहेच. दुधी व दोडका यांची तहान वीतभर मातीला भागवतां येणार नाहीं. कृष्णकमळाचा मोह आम्हांस फार झाला. ज्या फुलांत दक्षिण अमेरिकेंतील मिशनऱ्यांनीं ख्रिस्ताचा काटेरी मुकुट पाहिला त्यांतच आमच्या लोकांनीं कौरव-पांडव पाहिले. परंतु त्याचाही पसारा मोठा, म्हणून मोह आवरला.

ताटीचाही विचार हवा. डार्विननें १८७५ सालीं वेलींवर पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत वळसा घालणाऱ्या, ताणे फेंकणाऱ्या व मुळांनीं चिकटणाऱ्या वेली निरनिराळ्या मानिल्या आहेत. गोकर्ण व मायाळू वळसा घालतात, त्यांस उभी कामटी चालते; कारल्याच्या नाजुक ताण्यास सुतळी लागते. पानवेल आधाराला मुळांनीं चिकटते. तीच कां लावूं नये, असें आम्हीं त्या विद्यार्थ्यास विचारलें.

तो म्हणाला, "सर, पश्चिमेचें ऊन आणि खारा वारा तिला सोसणार नाहीं. आमची वाडी झाडांच्या आड आहे. आणि वेल वर गेली म्हणजे आम्ही ती उतरवून तिचें खोड पुन्हां मातींत दडपतों. या पेटींत दडपायला जागा कुठें आहे?"

आमचे एक सहकारी म्हणतात कीं, वर्षायु वेल लावल्यास ऐन मे महिन्यांत, सावली हवी तेव्हांच, ताटी उघडी पडेल. हा आक्षेप खरा आहे. त्यास उपाय एवढाच कीं, जुने वेल डिसेंबरांत काढून पेटींतील माती बदलावी व जानेवारींत पुन्हां पेरावें; गोकर्ण उन्हाळ्यापर्यंत ताटी झांकतो. दरवर्षीं हे श्रम पडतात खरे. ज्यांस ते नकोत त्यांनीं पेटीचा नाद सोडून खांबाच्या पायथ्याशीं भुईंत वेल लावावी. आमची मधुमालती आम्हीं छाटून तेथेंच लाविली; तिला पावसाळ्यांत नवे धुमारे फुटले.

यंदा दोन पेट्यांत गोकर्ण आहे व एकींत मायाळू. चौथी आम्हीं त्या एडवणच्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन केली आहे. तींत काय पेरलें तें तो सांगत नाहीं. परंतु त्यानें ताटीला सुतळ्या बांधल्या आहेत.