घरसंसार : जुनी गिटार घेताय? आधी पारखून घ्या!



वामनदादा कर्डकांच्या पिढीत पेटी, ढोलकी आणि खणखणीत आवाज एवढ्यावर गायनाचा कार्यक्रम रात्रभर रंगे. आज भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि इलेक्ट्रिक गिटारही असते. वस्तीतल्या मुलामुलींना ती शिकावीशी वाटते. आईवडिलांनी ही हौस मोडू नये. नवी परदेशी गिटार परवडत नाही, म्हणून जपान, कोरिया, इंडोनेशियाची वापरलेली घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तो पैसा आईच्या भिशीचा आणि बापाच्या ओव्हरटाइमचा असतो. तो पाण्यात जाता कामा नये.

वंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. दुकानातही तोच नियम लावा. 'इम्पोर्टेड माल आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. वाजवणारा एक जाणकार सोबत न्या आणि पुढील गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, नेक. सुतार फळीची धार पाहतो तशी गिटार डोळ्यासमोर धरून नेक पाहा. तो पिळलेला असेल तर तिथूनच परत फिरा. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली जाड कागदाएवढी फट असावी. फट जास्त असेल तर नेकमधील लोखंडी सळई पान्याने फिरवून बाक कमी करता येतो. मात्र सळई पूर्ण आवळलेली असूनही बाक राहिला असेल, तर ती गिटार नको.

दुसरी, चीर. खुंट्यांचा भाग नेकला मिळतो तिथे मागून उजेडात पाहा. गिटार पडली की बहुधा तिथेच तडकते आणि वरून रंग मारून विकली जाते.

तिसरी, पडदे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. कुठे खरखर होते का, तारेखाली खड्डे पडलेत का, ते पाहा. पडदे बदलणे खर्चाचे काम आहे. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. नुसत्या गंजलेल्या तारांना घाबरू नका, त्या बदलता येतात.

चौथी, वायरिंग. अँप्लिफायरला जोडून वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका. स्विच प्रत्येक जागी फिरवून सगळे पिकअप बोलतात का ते ऐका. बटण फिरवताना होणारी करकर बहुधा साफसफाईने जाते. पण पिकअप मुकाच असेल तर आतली बारीक तार तुटलेली असू शकते.

पाचवी, नाव. स्वस्तात 'गिब्सन' मिळत असेल तर सावध व्हा. अस्सल गिब्सनच्या डोक्यावरील सळईच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. नकली मालात बऱ्याचदा तीन दिसतात.

सहावी, वीज. सोबत परदेशी अँप्लिफायर देत असतील तर मागची पट्टी वाचा. जपानमध्ये वीज 100 व्होल्ट, अमेरिकेत 120, आपल्याकडे 230. तसाच लावला तर जळेल; वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल.

शेवटी, नंबर टाकलेली पावती घ्या. चोरीचा माल निघाला तर निस्तरावे आपल्यालाच लागते. एप्रिलमध्ये जयंतीच्या घाईत, व्याजाने पैसे काढून तर मुळीच घेऊ नका. दोन महिने थांबलात तर बिघडत नाही.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले होते: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. मुलांच्या हौशीचेही तसेच आहे. हौस पुरवा, पण डोळे उघडे ठेवून. आणि गिटार घरी आली की रोज एक तास रियाज होतो की नाही, तेही पाहा!