आधार कार्ड, आजोळ आणि पासपोर्ट

मागच्या रविवारी शेजारच्या गावात टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती. बातमीसाठी गेलो होतो. पत्रकावर नियम ठळक छापलेला, ‘एक गाव एक संघ, आधार कार्ड सक्तीचे’. तरी तिसऱ्या ओव्हरला भांडण पेटलंच. एका टीमचा ओपनर गावातला नाही, पाच हजार देऊन आणलाय, अशी तक्रार. कप्तान म्हणाला, “त्याचं आजोळ आमच्याच गावात आहे!” अर्धा तास मॅच बंद. शेवटी खेळू दिलं, आणि त्या पठ्ठ्याने एकट्याने मॅच काढली. ट्रॉफी गावात आली. वर्षभर प्रॅक्टिस करणारा गावातला ओपनर मात्र त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या नेत होता.

मित्रांनो, हाच वाद आता देशाच्या संघापर्यंत पोचलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला भारत फुटबॉलमध्ये सिंगापूरकडून १-२ हरला आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. सिंगापूरचे दोन्ही गोल सॉन्ग उई-यंगने मारले. जन्माने कोरियन. लगेच आपल्याकडे सूर निघाला, ‘आपणही बाहेरून खेळाडू आणा की!’

पण सॉन्ग २०१२ मध्ये, अठराव्या वर्षी सिंगापूरच्या क्लबकडे आला. तिथेच राहिला, खेळला आणि २०२१ मध्ये नागरिक झाला. नऊ वर्षं ज्या मातीत घाम गाळला, त्या मातीचा तो नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आपल्याकडेही उदाहरण आहे. इझुमी अराता. आई जपानी, वडील भारतीय. पुण्याच्या क्लबकडून खेळला, जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. आता रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातला, आईकडचे आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. म्हणजे खरोखरच आजोळ! काही वर्षं बंगळुरूत खेळल्यावर त्यानेही ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारताकडून खेळायचं तर मागची दोरी कापूनच यावं लागतं. अशा माणसाला मी परका म्हणणार नाही.

माझा विरोध दुसऱ्या प्रकाराला आहे. पैसे टाकायचे आणि तयार खेळाडू उचलायचा.

त्याची झळ आपल्या सातारा जिल्ह्याला बसलेली आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आठवा. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये पहिली आली बहारीनची रुथ जेबेट. जन्म केनियातला, वय १७. ट्रॅकच्या आत पाय पडला म्हणून तिला आधी बाद केलं, तेव्हा आपली ललिता दुसरी आणि सुधा सिंग तिसरी ठरली. मग अपील झालं आणि जेबेटचं सुवर्ण कायम राहिलं. ललिताचं रौप्य कांस्य झालं, सुधाच्या हाती काहीच उरलं नाही. दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये जेबेटने बहारीनला सुवर्ण दिलं. ललिता त्याच फायनलमध्ये दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरची फायनल गाठणारी भारतीय मुलगी! पुढे जेबेट डोपिंगमध्ये सापडली, चार वर्षांची बंदी आली.

मी त्या पोरीला दोष देत नाही. ऑलिम्पिकच्या एका शर्यतीत एका देशाचे तीनच धावपटू उतरू शकतात. केनियात तर गल्लीगल्लीत धावपटू. घरची गरिबी असेल आणि कोणी पासपोर्ट आणि पगार देत असेल, तर आपल्यापैकी किती जण नाही म्हणतील? पण विकत घेणाऱ्या देशाचं काय? त्याच्या शाळांत मैदान झालं का? त्याच्या मुली धावायला लागल्या का? मलेशियाने तर हद्द केली. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने तिथल्या सात फुटबॉलपटूंवर बंदी घातली, कारण आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याची कागदपत्रं बनावट निघाली. आमच्या कप्तानाचं ‘आजोळ’च की हे, फक्त शिक्क्यासकट!

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०१८ मध्ये नियम कडक केले. देश बदलल्यावर तीन वर्षं थांबायचं, विशीच्या आत बदल नाही आणि बदल एकदाच. माझ्या मते हे प्रत्येक खेळात हवं. येणाऱ्याला दार उघडं ठेवा, पण आधी त्याला इथे राहू द्या, इथल्या पोरांबरोबर खेळू द्या.

राहिला प्रश्न आपला. सगळे परदेशी वंशाचे खेळाडू आणले तरी अकरा जागा भरतील, त्यानंतर काय? आमच्या तालुक्याच्या मैदानावर वर्षातून चार वेळा मंडप पडतो, खड्डे कोणी बुजवत नाही. पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे हायवेच्या कडेने पळतात, बाजूने उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यातच एखादी ललिता असेल. तिला बाहेरच्या खेळाडूची भीती नाही हो, तिला पळायला जागा हवीय.

तुमच्या गावचं मैदान कसं आहे? फोटो टाका कमेंटमध्ये. बातमी मी करतो.