फावल्या वेळात : चिमुकल्या घराला जांभ्याची भिंत

पुठ्ठ्याचे घर उभारणे कठीण नाही. त्याची भिंत पुठ्ठ्याची न वाटणे, हेच कठीण. विटांची नक्षी छापलेला कागद चिकटविला की घर खेळण्यातले दिसू लागते. म्हणून या खेपेस आपण कोकणातील जांभ्याची भिंत करू या. गाव सोडून दिल्ली-कोलकात्याकडे स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांतील मुलांनी ती पाहिलेलीही नसते. आणि गावाकडे ती सिमेंटच्या गिलाव्याखाली झाकली जात आहे.

एका फुटास अर्धा इंच हे प्रमाण घ्यावे. चौदा इंची चिरा मग १५ मिलिमीटरचा होतो. लेपासाठी नुसती वाळू मात्र वापरू नका. अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात १२ मिलिमीटरचा खडा ठरतो, आणि सारा भास तेथेच मोडतो! तांबडी माती वस्त्रगाळ करून सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकात कालवावी. पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना लेप द्यावा, नाहीतर वाळताना पुठ्ठा वाकतो.

जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागून टणक होतो. ब्युकॅनन याने १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले, ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आपला लेपही अर्धवट ओला असतानाच बोथट सुईने चिरे आखावेत. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये. मग दात घासण्याचा जुना ब्रश उभा धरून ठोकावा. दगडाची सच्छिद्रता तिनेच येते.

रंग मात्र सावकाश द्यावा. प्रथम पिवळसर मातकट हात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, केवळ उंचवट्यांवर, गेरू. डाग कोठेही टाकू नयेत. पावसाचे थेंब अंगणातून उसळतात, म्हणून जोत्यालगत काळपट-हिरवी ओल असते. वळचणीखालचा भाग कोरडा राहतो. झड पश्चिमेकडून येते, तेव्हा ती बाजू अधिक काळवंडलेली हवी.

आजोळच्या घराचीच प्रतिकृती करीत असाल, तर कुंचला उचलण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे : न्हाणीचे पाणी कोणत्या अंगास वाहत असे, ओटीवर आजोबा पाठ टेकून कोठे बसत? तेवढ्या जागेवर बोटाने किंचित तेल चोळावे. तेथील चिरे गुळगुळीत आणि काळसरच असत.